मुधोळकरांची वेब्ली

"पांढरा शर्ट काढ वैजू, इस्त्रीचा," बाबा म्हणाले. "आणि तो तपकिरी कोट."

"कोट कशाला? बाहेर ऊन आहे."

"मुधोळकर टाय लावून येतो. त्याच्या शेजारी मी काय असाच उभा राहू?"

जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरून ते बसले होते. पेपरावर रिव्हॉल्वर, शिलाई मशीनच्या तेलाची बुधली, बारीक ब्रश आणि आईच्या पातळाची फाडलेली चिंधी. सहा गोळ्या वाटीत काढून ठेवल्या होत्या. चरखीचं एकेक घर ते चिंधीच्या टोकाने पुसत होते. चहाचा कप धरताना थरथरणारा त्यांचा हात त्या वेळी अगदी स्थिर होता.

"जमा करायची वस्तू स्वच्छ पाहिजे. पोलिसांना काय, टाकतील पेटीत तशीच. ओल धरते." त्यांनी नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. "कोणती निवडणूक म्हणालीस?"

"जिल्हा परिषदेची. पोटनिवडणूक."

"कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं. राजीनामा दिला एकाने."

"राजीनामा?" ते हसले. "खुर्ची सोडणारा कोण निघाला बुवा आपल्या जिल्ह्यात?"

मी शर्ट शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली. कुठलीच निवडणूक नव्हती. त्या वर्षी ना जिल्हा परिषदेची होती, ना विधानसभेची. पोलीस स्टेशनात आमची वाट पाहणारे मेश्राम जमादार आणि मी, आम्ही दोघांनी मिळून ती उभी केली होती.

बाबा, म्हणजे दिनकर उंबरकर, कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर होते. हंगामात रोज सकाळी तालुक्याच्या बँकेतून पैसे घेऊन जीपने जिनिंगवर जायचं. मधला रस्ता सागाच्या जंगलातला. एका वर्षी त्या रस्त्यावर दुसऱ्या जिनिंगचा माणूस लुटला गेला आणि मालकांनी बाबांना लायसन्स काढायला लावलं. मी तेव्हा दोन वर्षांची होते. पुढे चाळीस वर्षं रिव्हॉल्वर घरात राहिलं. दर रविवारी त्याला तेलपाणी व्हायचं, खंडेनवमीला त्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल पडायचं. ते कधी कोणावर रोखलं गेलं नव्हतं.

मग त्या डिसेंबरात ते माझ्यावर रोखलं गेलं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. दुपारी डोकं दुखायला लागलं म्हणून लवकर घरी आले आणि माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. बाबा पॅसेजमध्ये उभे होते. दोन्ही हातांनी धरलेलं रिव्हॉल्वर सरळ माझ्या छातीकडे.

"कोण?"

"बाबा, मी. वैजू."

"वैजू शाळेत गेलीय."

त्यांचा आवाज शांत होता, आणि भीती मला त्या शांतपणाची वाटली. मी हलले नाही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग बाहेर भाजीवाल्या शालूबाईंची हाक आली, "मेथी घ्या व बाई, मेथी," आणि बाबांनी हात खाली घेतला. "अगं, तू होय," ते म्हणाले. "लवकर आलीस आज?" संध्याकाळी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. मी चरखी उघडून पाहिली. सहाही घरं भरलेली होती.

त्याआधी वर्षभर छोट्या छोट्या गोष्टी होत होत्या. एकच बातमी दोनदा वाचायची, माझ्या वारलेल्या आईला हाक मारायची, जिनिंगची जीप अजून कशी आली नाही म्हणून फाटकाशी जाऊन उभं राहायचं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. त्या दुपारनंतर ते म्हणाले, "ते हत्यार आधी घराबाहेर काढा."

बाहेर काढणं सोपं नव्हतं. मी सरळ सांगून पाहिलं. बाबांनी चष्मा काढला. "मी काय गुन्हेगार आहे? चाळीस वर्षांत एक तक्रार दाखव." रिव्हॉल्वरच्या गोळ्या लपवाव्यात, तर रविवारी ते मोजायचे. एक जरी कमी भरली असती तरी चोरीची तक्रार द्यायला स्वतः ठाण्यात गेले असते. रोजची माणसं विसरणारा हा माणूस गोळ्यांचा आकडा विसरत नव्हता.

स्वतःहून, आनंदाने रिव्हॉल्वर हातावेगळं करायचे ते एकाच वेळी. निवडणुका जाहीर झाल्या की लायसन्सवाल्यांनी आपापली शस्त्रं पोलीस स्टेशनात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. बहुतेकांना ती कटकट वाटते. बाबा मात्र आचारसंहितेची बातमी आली की सणाआधीच्या दिवसासारखे वागायचे.

कारण तिथे ते पाच जण भेटायचे. जिनिंगचे मालक नथमलजी, काझी वकील, वाघदऱ्याचे मालगुजार रावसाहेब कडू, फॉरेस्टमधून निवृत्त झालेले रेंजर टेकाम, आणि डॉक्टर मुधोळकर. मुधोळकर पुढे जिल्ह्याच्या गावी मुलाने बांधलेल्या घरात राहायला गेले, पण लायसन्सवर पत्ता आमच्याच गावचा ठेवला होता. पत्ता बदलला असता तर तिकडच्या ठाण्यात जमा करावं लागलं असतं.

बाबांची एक वही होती, शाळेची, दोनशे पानी. पहिल्या पानावर वर लिहिलं होतं, 'घ्यायची आहेत.' खाली पाच ओळी.

वेब्ली, अडतीस, कमरेत उघडणारी. मुधोळकर.
कोल्ट, लांब नळीचं. नथमल.
स्मिथ वेसन, शिंगाची मूठ. काझी.
स्पॅनिश, मागच्या बाजूला नक्षी. कडू.
छोटं बेल्जियम, खिशातलं. टेकाम.

मी कॉलेजात असताना विचारलं होतं, "एवढी पाच घेऊन काय करणार?"

"पाच कुठली मिळतायत. लायसन्सवर जागाच नाही तेवढी. एक मिळालं तरी खूप."

"मग दुकानातून आणा ना."

"दुकानात ही नसतात बेटा. बाहेरून येणं बंद झालं. जी आहेत ती आहेत, ज्याच्या घरी आहेत त्याच्या घरी. तो देईल तेव्हा, नाहीतर..." ते थांबले होते. "नाहीतर त्याची पोरं विकतील तेव्हा."

नथमलजी गेले तेव्हा त्यांच्या मुलाने तेराव्यालाच बाबांना बाजूला घेतलं. कोल्ट तुम्हीच घ्या, बाहेर कुठे देऊ, म्हणाला. बाबा घरी आले, कोट काढून खुंटीला लावला. "घेतलं का?" मी विचारलं. "पुढे पाहू," एवढंच म्हणाले. काझी वकील गेले, रावसाहेब गेले, दोन्ही वेळा निरोप आले. दोन्ही वेळा पुढे पाहू. वहीतल्या ओळी तशाच राहिल्या, एकीवरही काट नाही.

ठाण्यातल्या त्या सकाळी ते काय करायचे हे मी एकदाच पाहिलं होतं, बाबांच्या पायाला प्लास्टर होतं म्हणून सोबत गेले तेव्हा. लांब टेबलावर सगळ्यांनी आपापली रिव्हॉल्वरं रिकामी करून मांडलेली. मग प्रत्येकाने दुसऱ्याचं एकदा हातात घ्यायचं. कोणी वजन पाहायचं, कोणी चरखी फिरवून तिचा आवाज ऐकायचा. मुधोळकर वेब्ली कमरेत, म्हणजे मधल्या बिजागरीशी, मोडून बाबांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घे, बघून घे लेका. वर्षभर पुरव." बाबा ती दोन्ही हातांत धरायचे. त्या वेळचे जमादार म्हणाले होते, "अजी, हे शस्त्र जमा करून रायले का पोरी दाखवून रायले?" त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसले ते काझी वकील.

हे सगळं मला माहीत होतं. तरी निवडणुकीचं खोटं ठरवताना यातलं काहीच माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. मला फक्त रिव्हॉल्वर दिसत होतं.

ठाण्यात पोचलो तेव्हा दहा वाजले होते. आवारात एक जप्त केलेला ट्रॅक्टर आणि कडुलिंबाखाली झोपलेलं कुत्रं, बाकी कोणी नाही. बाबांनी फाटकाशीच थांबून आवारभर नजर फिरवली.

"आपण फार लवकर आलो का?"

"असू दे. गर्दीआधी होऊन जाईल."

मेश्राम जमादार उठून बाहेर आले. मोठ्या मनाचा माणूस. ठाणेदारांची परवानगी काढणं, घरच्यांच्या विनंतीवरून ठेवून घेण्याचा अर्ज लिहून देणं, सगळं त्यांनीच केलं होतं. "या जी उंबरकर साहेब, बसा. चहा सांगू?"

"चहा मागून. सगळे आले की." बाबा लांब टेबलाशी बसले आणि कातडी होल्स्टर समोर ठेवलं. "यंदा टेबल रिकामं दिसतंय मेश्राम."

"अजून लोकं याचे हायेत ना जी."

"रजिस्टर दाखव."

मेश्रामांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक कोरं रजिस्टर समोर सरकवलं. बाबांनी चष्मा पुसून पान उघडलं.

"माझं पहिलं नाव?"

"हो जी."

"वैजू, आचारसंहिता लागून किती दिवस झाले म्हणालीस?"

"तीन."

"तीन दिवसांत कोणी नाही." त्यांनी रजिस्टर मिटलं. "मुधोळकर तर पहिल्या दिवशी येतो. थांबू या. तो आल्याशिवाय मी देत नाही."

"बाबा, सही करून जाऊ ना. मला कॉलेजला..."

"तू जा. मी येतो त्याच्या गाडीतून."

आम्ही थांबलो. साडेदहा झाले, अकरा झाले. भिंतीवरच्या घड्याळाखाली बाबा कोटाची तिन्ही बटणं लावून ताठ बसले होते. दारात कोणाची सावली पडली की मान वळवायचे. एकदा एक म्हातारा शेतकरी म्हैस हरवल्याची तक्रार द्यायला आला, तेव्हा ते अर्धवट उठलेसुद्धा. मेश्रामांनी दोनदा चहा आणला. बाबांनी दोन्ही वेळा कपावर बशी झाकून ठेवली.

सव्वाअकराला ते म्हणाले, "नथमलला फोन लाव."

मेश्राम बोलून गेले. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी मला निवडणुकीपुरतं वचन दिलं होतं, याबद्दल आमचं काही बोलणं झालं नव्हतं. "नथमलजी वारले ना जी. चार-पाच साल झाले असन."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. "वारला?"

"हो ना जी. तुमी तर मयतीले होते."

"काझी?"

मेश्रामांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "ते बी, साहेब."

"कडू?"

"ते बी."

बाबांनी होल्स्टर आपल्याकडे ओढून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात. मला वाटलं, आता पुसलं जाईल. गेल्या वर्षभरात कितीतरी गोष्टी अशा क्षणात पुसल्या गेल्या होत्या. ही पुसली गेली नाही.

"मग मुधोळकरसाठी थांबलंच पाहिजे," ते म्हणाले. "टेकाम आणि तो, दोघंच राहिले. जेवायची वेळ झाली तर तू घरी जा. मी बसतो. आज नाही आला तर उद्या येतो मी पुन्हा." जेवणाची वेळ टळेपर्यंत ते बसून राहिले, मग रिव्हॉल्वर घेऊन घरी परत निघायला उठले.

टेकाम चंद्रपूरला मुलीकडे होते. मुधोळकर चाळीस किलोमीटरवर होते. दिवाळीत त्यांचा फोन आला होता, बाबा आणि ते पाऊण तास बोलले होते.

"बाबा," मी म्हणाले, "मुधोळकर काका नाहीत आता."

ते थांबले.

"टेकाम काकाही. मागच्याच वर्षी. मी तुम्हाला सांगितलं नाही."

मेश्रामांनी टेबलावरचा पेन उचलला आणि परत ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय असता तर मी तिथेच सगळं सांगून टाकलं असतं. पण तसं काही नव्हतं. मी लहानपणी शाळेत पडून घरी यायचे तेव्हा ते पाहायचे, तसं पाहत होते. मला किती लागलंय ते.

"एवढं सगळं एकटीने ठेवलंस होय मनात," ते म्हणाले.

मग ते बसले. होल्स्टरमधून रिव्हॉल्वर काढलं, चरखी उघडून रिकामी असल्याचं मेश्रामांना दाखवलं, गोळ्या मोजून दिल्या, सही केली. मेश्रामांनी कापडी पिशवीत घालून दोरी बांधली, लाख ओतली, शिक्का मारला. लाख वाळेपर्यंत बाबांनी पाहिलं. पावती घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. चहाचे दोन्ही कप तसेच झाकलेले राहिले.

रिक्षाने घरी आल्यावर बाबा अंगणातच थांबले, चपला बाहेर काढल्या.

"पाणी काढ," ते म्हणाले. "पाच जणांची आंघोळ आहे."

"बाबा, सकाळीच केलीत ना आंघोळ."

"ती माझी."

"मग गरम करते. थंडी आहे."

"मयताची आंघोळ गार पाण्याने करतात. तुझ्या आईने शिकवलं नाही का काही?"

मी बादली भरली. कपडे काढायला मदत करू दिली नाही, दार लोटून घेतलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. तांबा बादलीत बुडाल्याचा आवाज आला, मग पाणी फरशीवर पडल्याचा. "नथमल," ते म्हणाले. पुन्हा तांबा. "काझी." धाप लागली होती, दम्याची. "कडू." "टेकाम." आणि मग बराच वेळ थांबून, शेवटचा.

तो संपल्यावर दार उघडायला त्यांना वेळ लागला. मी टॉवेल घेऊन उभी होते.

दुपारी त्यांनी वही काढून मागितली. पट्टी घेऊन पाची ओळींवर सरळ रेघा मारल्या. प्रत्येक रेघेपुढे त्या दिवसाची तारीख घातली.

नऊ दिवसांनी मुधोळकर काकांचा फोन आला.

"काय गं वैजू, दिनकर कुठाय? दे जरा."

"झोपलेत, काका."

"सकाळी अकराला? बरं, उठला की सांग. काम आहे."

सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाबांनी पहिला प्रश्न विचारला असता, तू जमा केलंस का. काका म्हणाले असते, कसली निवडणूक? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पावती घेऊन ठाण्याच्या फाटकाशी. म्हणून मी फोन दिला नाही. पुढच्या वेळी आंघोळीला गेलेत म्हणाले, त्याच्या पुढच्या वेळी दवाखान्यात. उन्हाळा लागेपर्यंत बाबांना पावतीही आठवेनाशी झाली होती, रिव्हॉल्वरही. रविवारी सकाळी पेपर पसरून टेबलाशी बसायचे आणि समोर काय हवंय ते न आठवून पेपरावर हात फिरवत राहायचे. तेव्हा फोन द्यायला काहीच हरकत नव्हती. पण मग मला बाबांना सांगावं लागलं असतं की मी तुमचा मित्र जिवंत असताना मारला. मी म्हणाले, "काका, त्यांना हल्ली फोनवर ऐकू येत नाही." त्यानंतर फोन आला नाही.

बाकी सगळं गेलं तरी एक गोष्ट बाबांच्या डोक्यातून गेली नाही. दूधवाल्याला, पोस्टमनला, शालूबाईंना ते सांगायचे, "मुधोळकर गेला, कळलं का तुम्हाला? फार चांगला माणूस." कधी मलाच सांगायचे, हळू आवाजात, मला धक्का बसू नये म्हणून.

ऑगस्टमध्ये न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले. अग्नी मी दिला.

आठव्या दिवशी दारात भाड्याची गाडी थांबली. ड्रायव्हरचा हात धरून मुधोळकर काका उतरले. काठी, जाड काचेचा चष्मा, आणि टाय.

"पेपरात वाचलं आज," ते खुर्चीत बसत म्हणाले. "छोट्या अक्षरात. शेजाऱ्याच्या पोराने वाचून दाखवलं. तुला कळवता नाही आलं?"

"चुकलं काका."

"सहा वेळा फोन केला मी. सहा." त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्याकडे दिला. कलेक्टर कचेरीला अर्ज. टाइप केलेला, खाली त्यांची सही, शेजारी सहीची एक रिकामी जागा आणि तिच्याखाली बाबांचं नाव. "डोळे गेले माझे. आता मला ती वेब्ली कशाला? मुलगा न्यू जर्सीला, तो काय हात लावणार. विकायची नव्हती गं. दिनकरला द्यायची होती. एवढ्या वर्षांनी द्यायची तर त्याचं तोंड बघायचं होतं मला."

मी कागद हातात धरून उभी राहिले.

"त्याची ती वही आहे का? पहिलं नाव माझं आहे म्हणायचा. मला कधी दाखवली नाही. आण बरं."

सापडत नाही, असं म्हणता आलं असतं. मी आत गेले आणि वही घेऊन आले. त्यांनी पान अगदी डोळ्यांजवळ नेलं, उजेडाकडे वळवलं.

"ही काट कसली? आणि ही तारीख?"

मी सांगितलं. पॅसेजमधल्या दुपारपासून फोनपर्यंत, मधे न थांबता. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पानाकडेच पाहत होते.

"म्हणजे तू त्याला सांगितलंस, मी मेलो."

"हो."

"आणि त्याने मानलं."

"हो."

"सहा वेळा गं, वैजू." त्यांचा आवाज चढला. ड्रायव्हरने दारातून डोकावून पाहिलं. "एकदा द्यायचा होतास फोन. एकदा. भूत बोलतंय म्हणाला असता तरी चाललं असतं मला."

पंख्याच्या वाऱ्याने वहीचं पान उलटत होतं, ते त्यांनी अंगठ्याने दाबून धरलं.

"काय म्हणाला? मी गेल्याचं कळल्यावर?"

"काही नाही. घरी येऊन आंघोळ केली. पाच तांबे, एकेकाच्या नावाने. शेवटचा तुमचा."

"डोक्यावरून?"

"हो. गार पाण्याने."

"जानेवारीत?" त्यांनी चष्मा काढला. "गाढव. दमा होता त्याला. मी किती वेळा सांगितलं होतं." चष्मा पुसायला त्यांना रुमाल सापडेना, मी पदर पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, टायच्या टोकाने काचा पुसल्या. "माझ्या मुलाला कळवतील तेव्हा तिकडे रात्र असेल. उठून तो काय करेल, देव जाणे. माझ्या नावाचं पाणी कोणी घेईल की नाही असं वाटायचं मला कधी कधी." त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली. "ते झालं म्हणायचं."

जायला उठतील असं मला वाटलं. ते उठलेही, पण दाराकडे वळले नाहीत. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, टायची गाठ सोडवायला लागले.

"पेपर ऐकला आणि तसाच निघालो," ते म्हणाले. "माझी राहिलीय. मोरी कुठाय तुमची?"

"मी पाणी काढते. गार..."

"गरम काढ. मी त्याच्याइतका गाढव नाही."

मी बादली भरली, तांबा आत ठेवला, पाट मांडला. त्यांना पाटापर्यंत हात धरून नेलं आणि दार लोटून घेतलं. मग त्याच भिंतीला टेकून उभी राहिले.

याला आता अकरा वर्षं झाली. काकाही गेले. ठाण्यातली ती पिशवी मी पुढे सरकारजमा केली. अर्जाचा कागद त्या वहीत आहे, बाबांच्या सहीची जागा तशीच रिकामी. पण मला कधी काही ऐकू येत असेल तर ते त्या दुपारचं. तांबा पाण्यात बुडाला, वर आला, आणि बराच वेळ काही पडल्याचा आवाज झाला नाही. ते हातात धरून बसले असावेत.

"दिनकर," ते आतून म्हणाले, आणि पाणी पडलं.